तांग सिफूंच्या हातचे खळगे

मी तांग सिफूंचा, म्हणजे तांग गुरुजींचा, कुंगफूच्या सरावात मार खाणारा लाकडी खांब बोलतोय. तीन हात, एक वाकडा पाय, तोंड मात्र नाही. म्हणून इतकी वर्षं गप्प होतो.

दक्षिण चीनमधल्या फोशानात सिफूंचं हाडवैद्याचं दुकान होतं. पुढे लोकांची हाडं बसवायची, मागच्या अंगणात मला बडवायचं. रोज सकाळी, चहाच्या आधी. त्यांचा उजवा खांदा तरुणपणी मोडलेला. हात वर जायचा नाही, फटका माझ्या मधल्या हाताच्या पोटात बसायचा. चाळीस वर्षांत तिथे अंगठा मावेल एवढा खळगा पडला. त्यांच्या विद्येतले अगदी शेवटी शिकवायचे जे फटके, त्यांचे असे अकरा खळगे माझ्या अंगावर होते.

पुइसान त्यांची शेवटची शिष्या. दुकानात पट्ट्या गुंडाळायची. रीत अशी, की शिष्याने गुडघे टेकून चहा द्यायचा आणि गुरूने तो प्यायला, की मगच शेवटचे फटके शिकवायचे. पुइसानने चहा दिला. सिफू प्याले आणि म्हणाले, "पोरी, थंडी सरू दे. खांदा ठणकतो."

थंडी सरली, ती सिफूंना घेऊनच.

मग ती माझ्याकडून शिकू लागली. डोळे मिटून खळग्यात बोटं घालायची आणि पुटपुटायची, "हात इथून आला, तर पाय कुठे होता?" वीस वर्षांत सात फटके तिने हुडकले. चार राहिले.

तोवर सिफूंवर सिनेमे निघू लागले होते. पहिल्यात ते कौलांवरून उडाले. दुसऱ्यात त्यांनी एकट्याने साठ जण लोळवले. तिसऱ्यात तर नुसत्या फुंकरीने. पुइसान शेंगा सोलत बघायची आणि म्हणायची, "आमचे सिफू जिना चढतानाही कठडा धरायचे."

शेजारची हो-मावशी फणकारायची, "गप बस गं. बघू दे की जरा. इतका देखणा हाडवैद्य असता, तर मी रोज हात मोडून घेतला असता."

चौथ्या सिनेमावाल्यांना खरा खांब हवा होता. पुइसान म्हणाली, "न्या. निदान खांब तरी खरा दिसेल."

त्यांचा सुतार लाउ. त्याच्या आजोबांचा मोडका पाय सिफूंनी बसवलेला. त्याने माझ्यापुढे तीन उदबत्त्या लावल्या, तीनदा वाकला. म्हणाला, "सिफूंची वस्तू अशी कळकट पडद्यावर जायची नाही." मग माझे खळगे लाकडाच्या भुशाने आणि सरसाने भरले, पॉलिश कागदाने घासले, वर वार्निशचे दोन हात दिले. इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नव्हता.

परत आणताना तो म्हणाला, "बघा ताई, नवरदेव दिसतोय की नाही?"

पुइसानने डोळे मिटले. माझ्या मधल्या हातावर बोट ठेवलं. ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं.

"काही चुकलं का, ताई?"

तिने बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांचा पाय कसा होता रे?"

"मरेपर्यंत खडखडीत."

"मग बस. चहा घे."

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. हुडकलेले सात फटके ती अंगणात शिकायला येणाऱ्या पोरींना शिकवायची. एक दिवस एक पोरगी म्हणाली, "आजी, सिनेमात असं नाहीये." पुइसान हसली. पुढच्या आठवड्यात तिने अंगणाला कुलूप लावलं.

आता मी सिफूंच्या स्मारकात उभा आहे. पुढे लाल दोरी, गळ्यात फलक: हात लावू नये. मुलं समोर नटाचे फटके मारून फोटो काढतात. पुइसान कधीतरी येते, दोरीपाशी थांबते, जाते. तिचीही बोटं आता वाकडी झाली आहेत.

ते चार फटके मला आठवतात. त्यांचं वजन, मध्ये घेतलेला दम, खांद्याला चोळलेल्या औषधी दारूचा वास, सगळं. पण खांबाने आठवून काय होणार? बाबांनो, कुणीतरी दोरी ओलांडा आणि मला एकदा मारा.

कोणी ओलांडत नाही. वाचता सगळ्यांनाच येतं.