मी मागचा स्पीकर, आणि मी गप्पच बसणार

मी मागचा स्पीकर बोलतोय. डाव्या बाजूचा. हॉलमध्ये शिरलात तरी मी तुम्हाला चटकन दिसणार नाही, कारण तुम्ही सगळे टीव्हीकडे तोंड करून बसता आणि मी तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर असतो. एरवी मी फारसा बोलत नाही. आज बोलतोय ते माझ्यावरच्या आरोपाला उत्तर द्यायला. आरोप एकच आहे: 'ह्यो वाजत न्हाई.'

नाही वाजत. मग? काय म्हणणं आहे?

कारखान्यातून आम्ही सहा भावंडं एकाच खोक्यातून बाहेर पडलो. पुढचे दोघे उंच आणि देखणे, गाणी-बिणी त्यांच्याकडे. मधला आडवा, माणसांचं बोलणं त्याच्या वाट्याला. वूफर थोरला, त्याला बोलता येत नाही, नुसतं हुंकारता येतं, पण मान सगळ्यात जास्त त्यालाच. आणि आम्ही मागचे दोघे, जेवणाच्या डब्याएवढे. आमचं काम एवढंच, की बघणाऱ्याच्या पाठीमागे काही घडलं तर ते सांगायचं. घडलं नाही तर गप्प बसायचं.

हे काम कोणाला कळत नाही, हे मला संगमनेरच्या दुकानातच समजलं. दुकान परवेझभाईंचं. गिऱ्हाईक यायचं, पहिला प्रश्न 'किती वॅट?' दुसरा, 'अजून वाढवा की.' मग छातीवर हात ठेवायचं. छातीत धडधडलं की माल पसंत. स्पीकर माणसं कानाने निवडत असतील असं मला वाटायचं. ती छातीने निवडतात. परवेझभाई माझ्याकडे बोट करून समजवायला लागले की लोक म्हणायचे, "ते मागचे दोन राहू द्या भाई, त्यापेक्षा वूफर मोठा द्या." तोंडावर म्हणायचे! मी तिथेच बसलेला असायचो.

मग एके दिवशी सहादेवआप्पा आले. प्रवरेकाठच्या गावात त्यांचा दुधाचा धंदा. नवं घर बांधलं होतं, भला मोठा हॉल काढला होता आणि भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. बरोबर मुलगा ज्ञानेश्वर आणि मुलगी आरती. ज्ञानेश्वरला मिरवणुकीत असतात तसे माणसाच्या उंचीचे दोन बॉक्स हवे होते. आरतीचं इंजिनिअरिंग नुकतंच झालेलं. तिला पिक्चर बघायचे होते आणि टीव्हीवर गेम खेळायचे होते, आणि तिला आमचा संच हवा होता.

परवेझभाईंनी विचारलं, "सोफा कुठं ठेवलाय?"

"सोफा घ्यायला न्हाई आलो भाई," ज्ञानेश्वर हसून म्हणाला.

आरती हसली नाही. "मागच्या भिंतीला चिकटून हाय, पण मी पुढं ओढणार. फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या. दादा म्हणतो ते बॉक्स घेतले तर हॉलमध्ये नुसतं घुमेल, शब्द कळायचा न्हाई."

परवेझभाईंनी मान डोलावली. आप्पा लेकीकडे बघून म्हणाले, "पोरगी म्हणती ते द्या."

ज्ञानेश्वरचा चेहरा पडला. "द्या. पण हे फसलं, तर इथून पुढं घरातल्या कुठल्याच वस्तूत हिनं तोंड घालायचं न्हाई. आधीच सांगतो."

आरती म्हणाली, "चालंल."

मी खोक्यात बंद होत होतो, पण हे सगळं ऐकलं. म्हणजे आता त्या पोरीचा या घरातला शब्द माझ्यावर येऊन टेकला होता. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू?

घरी गेल्यावर पहिला घोळ ज्ञानेश्वरने घातला. त्याने आम्हा साही जणांना टीव्हीखालच्या शोकेसमध्ये ओळीने मांडलं. गायींच्या प्रदर्शनात आप्पांना मिळालेल्या ढालीशेजारी मला जागा मिळाली. "एवढी चांगली वस्तू पाव्हण्यांच्या पाठीमागं कोन लपवतं व्हय? दिसाया नको?" असं त्याचं म्हणणं. त्यात दुष्टपणा काही नव्हता. त्या घरात चांगली वस्तू समोर ठेवायची रीतच आहे. पण माझं काय झालं बघा! आरती गेम खेळायला बसली, तिच्या पाठीमागून शत्रू आला, मी जीव तोडून सांगितलं, आणि माझा आवाज आला समोरून. ती पुढे धावली आणि मेली. गेममध्ये हो. पण मला शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी आरतीने स्वतः ड्रिल हातात घेतलं, भिंतीला भोकं पाडली, पट्टीतून वायर फिरवली आणि आम्हा दोघांना मागच्या भिंतीवर चढवलं. सोफा पुढे ओढला. तिची आई मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "भिंत सोडून सोफा? आन् डोकं टेकायचं कुठं?" असं म्हणाली खरी, पण सोफ्यामागे झाडायला जागा झाली म्हणून तिने चालवून घेतलं.

आणि मग आरोप सुरू झाला.

बातम्या लागल्या, मी गप्प. मालिका लागल्या, मी गप्प. क्रिकेटला मागून जरा लोकांचा गलबला दिला, पण तो वूफरच्या हुंकारात कुणाला कळलाच नाही. ज्ञानेश्वर खुर्चीवर चढून माझ्या तोंडाला कान लावायचा, दोन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "आरते, ह्यो मेलाय." आरती सांगायची, "दादा, मागं काही असंल तरच तो बोलतो." त्याला ते पटायचं नाही. पगार घेतो आणि काम करत नाही अशा गड्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघायचा.

एकदा त्याने रिमोटवर काहीतरी दाबलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकच गाणं लावलं. पुढच्यांचं गाणं मला बोलायला लावलं! माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. मुक्ताबाई दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली, "पाठीमागून कोन वराडतंय? बंद कर आधी!" आरतीने मला पुन्हा माझ्या कामावर आणलं. पण ज्ञानेश्वरने तेवढ्यात परवेझभाईंना फोन करून टाकला. मागचे दोन वाजत नाहीत, रविवारी सगळा संच परत आणतो, मोठे बॉक्स काढून ठेवा. आप्पांनी त्याला अडवलं नाही. आरती आत निघून गेली.

मी काय करू शकत होतो? उगाच खरखर करून 'मी आहे, मी आहे' म्हणू? ते मला जमणार नाही. खोटं बोलून टिकण्यापेक्षा मी परत खोक्यात गेलो असतो. पण त्या पोरीचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी डेअरीला दूध घालून सगळे हॉलमध्ये बसले. आरतीने एक पिक्चर लावला. "उद्या जायचंच हाय तर एकदा नीट बघू तरी," म्हणाली. पिक्चरमध्ये एक म्हातारा अंगणात बसून भाकरी खात होता. सगळं शांत. आणि त्याच्या पाठीमागे, डाव्या हाताला, एक वासरू हंबरलं.

ते माझं काम होतं. मी हंबरलो. मोठ्याने नाही, वासरू जेवढं हंबरेल तेवढंच.

मुक्ताबाई ताडकन उठली. "चंद्रीचं दावं अडकलं!"

त्यांचा गोठा घराच्या मागे, डाव्या अंगाला. चंद्री ही त्यांची नवी कालवड. मुक्ताबाई दाराबाहेर पडली, तिच्यामागे आप्पा चप्पल न घालता धावले, आणि सगळ्यांच्या पुढे बॅटरी घेऊन कोण पळालं म्हणता? ज्ञानेश्वर! हॉलमध्ये आरती एकटी राहिली. तिने पिक्चर थांबवला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

थोड्या वेळाने तिघे परत आले. चंद्री निवांत रवंथ करत बसली होती. "आवाज तर आला," मुक्ताबाई म्हणत होती, "माझ्या कानानं ऐकला मी." आरतीने पिक्चर मागे घेतला. वासरू पुन्हा हंबरलं. आणि सांगू का, ठाऊक असूनही मुक्ताबाई पुन्हा अर्धी उठली!

आप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत ते म्हणाले, "ज्ञाना, उद्या संगमनेरला जायचं न्हाई. परवेझला फोन करून सांग."

"पर आप्पा, एकदाच वाजला की त्यो."

"एकदाच वाजला आन् सगळं घर पळवलं. तू रोज वराडतोस, कोन उठतं का?"

ज्ञानेश्वर बहिणीकडे वळून म्हणाला, "बॅटरी घिऊन पळालो मी. कुनाला सांगू नको, आरते." ती म्हणाली, "सगळ्या गावाला सांगनार." सांगितलंही तिने.

मी अजून भिंतीवर आहे. अंगावर थोडी धूळ बसते, कोपऱ्यात एक कोळी जाळं विणतो, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पाव्हणे येतात, मला बघतात आणि म्हणतात, "ह्यो बंद हाय का?" म्हणू देत.

गेल्या आठवड्यात दूध काढायच्या मशीनचा माणूस आला. सोफ्यावर माझ्याकडे पाठ करून बसला आणि रंगीत कागद पसरून ज्ञानेश्वरला म्हणाला, "मालक, तुमी पसंत करा, म्हंजे झालं."

ज्ञानेश्वरने कागद बाजूला सारले. "माझं ऐकू नका. मला ज्याचा आवाज मोठा ते मशीन भारी वाटतं. थांबा, आरतीला बोलावतो."

आरती आली, बसली आणि तिने पहिलंच विचारलं, "ह्याच्या आवाजानं गायी बुजत्यात का?"

तो माणूस कागद उलटेपालटे करायला लागला. ज्ञानेश्वर गालातल्या गालात हसत होता, आणि दारात उभे राहिलेले आप्पा आत येऊन लेकीशेजारी बसले.

आणि मी? माझ्या बाजूला तेव्हा काहीच घडत नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो. पुढेही बसेन. टिचक्या मारा, कान लावा, बटणं दाबा. तुमच्या समाधानासाठी मी वाजणार नाही.