रुबाबाचा शेअर

कोल्हापूर जिल्ह्यात ‘शेअर’ या शब्दाचा अर्थ एकच. पेपरात येणारा, सकाळी चढणारा आणि संध्याकाळी आपटणारा तो मुंबईचा शेअर इथं कुणी विचारत नाही. इथं शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. ज्याच्या नावावर शेअर तो सभासद, आणि सभासदाला स्वस्तात साखर मिळते ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. खरी गोष्ट ही, की वर्षातून एकदा भर मांडवात उभं राहून, माईक हिसकावून घेऊन, चेअरमनला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. एवढं मिळालं की कोल्हापूरचा माणूस वर्षभर बिनसाखरेचा चहा पिईल.

निशाच्या वडिलांना, दादासो मधाळे ऊर्फ आबांना, हा शेअर कधी मिळाला नाही. कुरुंदवाडकडच्या एका कारखान्याच्या गोदामात पोती शिवण्यात त्यांची उभी हयात गेली. पण शेअर घ्यायचा तर नावावर ऊस लागतो, उसाला रान लागतं, आणि बौद्ध वस्तीत रान असायला ते काय आभाळातून पडतं? सभेच्या दिवशी आबा मांडवाबाहेर दोरीच्या अलीकडं उभे राहून सगळं ऐकायचे. घरी आल्यावर कोण काय बोललं ते हातवारे करून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “बोलायला शेअर लागतोय.” रागानं नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणायचे. निशाला लहानपणी त्यांच्या त्या शांतपणाचाच जास्त राग यायचा.

निशा कोल्हापुरात मावशीकडं राहून ॲनिमेशनचा कोर्स करत होती. साल दोन हजार नऊ. राजारामपुरीत ऋतुराज नावाच्या पोराचा सायबर कॅफे होता. त्याच्या घरचा ऊस होता, पण त्याचं मन रानात कमी आणि कॉम्प्युटरमध्ये जास्त. तिथं बसून कॉलेजची निम्मी पोरं ‘रणगड’ नावाचा ऑनलाईन गेम खेळायची. पुण्याच्या एका कंपनीचा गेम. गड घ्यायचा, गड राखायचा, आणि दोन्ही करताना झोकात दिसायचं. यातलं तिसरं काम कंपनीनं खेळणाऱ्यांवरच सोपवलं होतं. तुम्ही फेटे, घोंगड्या, पायताणं, मिशा, वाट्टेल ते काढून पाठवा. गेममधल्या दुकानात ते खऱ्या रुपयांना विकू. विकलं की त्यातला हिस्सा तुमचा. कंपनीच्या भाषेत त्याला ‘रेव्हेन्यू शेअर’ म्हणायचं.

निशानं निळा फेटा केला. जयंतीच्या मिरवणुकीआधी आबा निम्म्या वस्तीला फेटे बांधायचे, ते ती लहानपणापासून बघत आली होती. कपाळावरची घडी कानाकडं कशी उतरते, तुरा कुठं ताठ राहतो, शेमला पाठीवर कसा सुटतो, हे सगळं तिनं पडद्यावर घडीला घडी लावून उभं केलं. घोडा दौडला की शेमला मागं उडायचा. तो उडवण्यापायी तिचे डोळे चुरचुरून लाल झाले होते, पण उडाला.

गावी गेल्यावर तिनं आबांना हे समजावून सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यो घातला की लढाईत जोर येतो व्हय?”

“न्हाय आबा. नुसता रुबाब.”

“नुसता रुबाब? आन् लोक त्याला पैसं देत्यात?”

“देत्यात की.”

आबांना ते लगेच पटलं. रुबाबाचा भाव कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मग निशा बोलता बोलता बोलून गेली, की कंपनीनं मला शेअर दिलाय. झालं. आबांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि ते उठून बाहेरच गेले. दिवे लागायच्या आत वस्तीत पेढे वाटून झाले होते. आत्या, आक्काताई, शेजारच्या गल्लीतून धावत आली आणि तिनं निशाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मधाळ्यांच्या घरात पहिला सभासद झाला, आणि तोही पोरगी, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

हा तो शेअर नव्हे, हे निशानं सांगून बघितलं. आबा “व्हय व्हय” म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर असलं काही तेज आलं होतं की तिची जीभच रेटेना. तिनं विषय सोडून दिला. पुढं जे हसं होणार होतं त्याची धास्ती मात्र तिच्या मनातून गेली नाही.

फेटा मात्र धो धो खपला. पाटलांची पोरं, इनामदारांची पोरं, कुठली नाशकाची, कुठली नागपूरची, जो तो निळा फेटा बांधून गडावर चढू लागला. एरवी ज्यांच्या घरी निळ्या रंगाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडायच्या, तीही पोरं त्यात होती. निशाला याची गंमत वाटायची आणि ऊरही भरून यायचा. कंपनीचा चेक दर महिन्याला यायचा आणि त्यातून तिच्या कोर्सची फी जायची. घरून एक पैसा घ्यावा लागत नव्हता, आणि घरी तो नव्हताही.

वर्षभरानं कंपनीचं निमंत्रण आलं. कोल्हापूरच्या कलाकारांचा मेळावा, स्टेशन रोडवरच्या हॉटेलात; सत्कार, जेवण आणि महत्त्वाची घोषणा. निशानं फोनवर सांगितलं आणि आबांनी पलीकडून विचारलं, “सभा हाय व्हय?” तिला नाही म्हणवलं नाही. आबा सकाळच्या एस्टीनं आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, दाढी गुळगुळीत करून. सभासदाच्या बापानं पहिल्या सभेला कसं जावं याचा त्यांनी बराच विचार केलेला दिसत होता.

हॉल पोरांनी भरला होता. कुणी मिशा केल्या होत्या, कुणी घोंगड्या. ऋतुराजनं करकर वाजणारं पायताण केलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान. कंपनीचा मॅनेजर पुण्याहून आला होता. कोट, हसरा चेहरा, मऊ बोलणं. “तुम्ही आमची फॅमिली आहात,” तो म्हणाला, आणि निशाला तिथंच संशय आला. पैसे द्यायचे असतात तेव्हा कुणी कुणाला फॅमिली म्हणत नाही.

संशय खरा निघाला. आता कंपनी मोठी होत होती, म्हणून रुपयातला हिस्सा बंद होणार होता. त्याऐवजी प्रत्येक विक्रीला गेममधली सोन्याची नाणी मिळणार होती. त्या नाण्यांनी गेममध्ये काहीही घेता येईल, घोडा, तोफ, फेटासुद्धा. म्हणजे निशाचा फेटा निशालाच विकत घेता येणार होता. कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच, आणि वर शाल-श्रीफळ. पोरं एकमेकांकडं बघू लागली. सत्काराला आलेल्या माणसाला भांडण काढणं जड जातं, हे कंपनीला बरोबर माहीत होतं.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आबा उठले.

“अध्यक्षमहाराज, एक प्रश्न हाय,” आबा म्हणाले. “माझ्या पोरीचा शेअर हाय तुमच्यात. शेअर काढून घ्यायचा तर सभासदाला आधी इचारावं लागतंय. आन् ताळेबंद कुठाय?”

मॅनेजर हसला, अगदी प्रेमानं. “काका, तुमचा गैरसमज झालाय. हे साखर कारखान्याचे शेअर नव्हेत. हा नुसता गेम आहे.”

चारदोन पोरं फिदीफिदी हसली. आबा खाली बसले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीखाली घेतले. वर्षभर ती ज्याला भ्याली होती ते भर सभेत घडलं होतं, आणि निशाला लाज वाटायला हवी होती. पण लाज काही येईना. संताप आला. आबांनी विचारलं त्यात चूक काय होतं? शेअर म्हणालं कोण? कंपनीच. फेटा खपत होता तोवर ‘शेअर’, आणि वाटा द्यायची वेळ आली की ‘नुसता गेम’. त्या हॉलमध्ये एकाच माणसानं सरळ प्रश्न विचारला होता, आणि सगळे हसले होते त्यालाच.

मॅनेजरला पुढचं उरकायचं होतं. त्यानं सह्यांचे कागद उचलले आणि हसतमुखानं विचारलं, “तर मग ही नवी योजना सगळ्यांना मंजूर?”

त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. भरल्या सभेत कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. विचारायचाच तर आपली माणसं आधी पुढच्या रांगेत बसवून ठेवावीत, मोठ्यानं ‘मंजूर’ म्हणणारी. इथले चेअरमन हे आईच्या पोटातून शिकून येतात.

“नामंजूर,” निशा म्हणाली.

मॅनेजरला नीट ऐकू आलं नसावं. ती उभी राहिली. “नामंजूर म्हणतीय मी. शेअर हा शब्द आम्ही काढला न्हाय, तुम्ही काढला. आमच्याकडं शेअर म्हंजे एकच. वाटा आन् बोलायचा हक्क. दोन्ही पायजेत. माझ्या वडलांनी ताळेबंद मागितलाय, त्यो आधी दाखवा.”

ऋतुराज खुर्चीवर चढला आणि ओरडला, “नामंजूर!” त्याचा चुलता आपल्या कारखान्याच्या सभेत विरोधी गटाचा पुढारी होता, त्यामुळं आवाज घरातच होता. मग मिशावाला उठला, घोंगडीवाला उठला, मघाशी हसलेली पोरंही उठली. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकलेला शब्द प्रत्येकाच्या घशातून बिनचूक बाहेर आला. हॉटेलचे वेटर पडद्याआडून डोकावू लागले.

त्या गदारोळात आबा निशाजवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं, “मी म्हटलं तर चालंल का गं? माझ्या नावावर काय न्हाय.”

निशाला एकदम भडभडून आलं. “घड्या कुणाच्या हाईत त्या फेट्याच्या?” ती म्हणाली. “म्हणा, आबा.”

आबांचा पहिला ‘नामंजूर’ घशातच अडकला. दुसरा सगळ्या हॉलनं ऐकला. तिसऱ्याला त्यांनी हात वर केला, आणि पोरांनी तो त्यांच्यामागून म्हटला. निशा रडत होती आणि तिला ते लपवावंसं वाटलं नाही.

मॅनेजरचं हसू आता आवळलं होतं. जे सही करणार नाहीत त्यांच्या वस्तू दुकानातून काढून टाकू, असं त्यानं बजावलं. तुम्ही कशाला तसदी घेताय, आम्हीच काढतो, असं निशानं सांगितलं. शाली टेबलावर तशाच घडीत राहिल्या. पोरं तडक ऋतुराजच्या कॅफेत गेली आणि आळीपाळीनं बसून ज्यानं त्यानं आपापली वस्तू मागं घेतली. निळा फेटा काढताना निशाचा हात थांबला, कारण पुढच्या महिन्याची फी त्या फेट्यावर होती. मग तिनं बटण दाबलं.

दुकानातला बहुतेक माल कोल्हापूरच्या पोरांचाच होता, त्यामुळं दुसऱ्या दिवसापासून रणगडावर जो नवा गडी येई तो बोडका आणि अनवाणी. आधीच फेटे घेऊन बसलेली जुनी मंडळी त्यांना बघून हसायची, नवी चिडायची, आणि गेमला लोक ‘बोडकगड’ म्हणू लागले. पोरांनी वाट पाहिली. निशानं फ्लेक्स बोर्ड छापणाऱ्या दुकानात काम धरलं. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली पुढाऱ्यांचे फोटो ओळीनं चिकटवायचे. त्यात ना कला ना रुबाब, पण फीचं निम्मं तरी भागत होतं.

मग कंपनीचा मेल आला. तो फक्त निशाला होता. खास बाब म्हणून तिचा हिस्सा रुपयात चालू करू, पूर्वीपेक्षा जास्त देऊ, फेटा तेवढा परत दुकानात ठेवावा, आणि हे आपल्यातच राहावं, अशी नम्र विनंती होती.

निशा त्या रविवारी गावी गेली आणि तिनं तो मेल आबांना मराठीत वाचून दाखवला.

“बाकीच्या पोरांचं?” त्यांनी विचारलं.

“त्यांचं काय न्हाय. फक्त माझं.”

“जगात असंच चालतंय,” आबा म्हणाले. “जो लई वरडतोय त्याला गाडीत घालून नेत्यात, हार घालत्यात, डायरेक्टर करत्यात. मग त्यो वरडत न्हाय.”

“मग मी काय करू? फीला अजून निम्मं कमी पडतंय, आबा.”

“मला कशाला इचारतीस? शेअर तुझा, तू बोल.”

तिला वाटलं होतं आबा घे म्हणतील, किंवा घेऊ नको म्हणतील. दोन्हींतून सुटका झाली असती. त्यांनी काहीच म्हटलं नाही. परतीच्या एस्टीत तिला आबांचा रागही आला.

कॅफेत पोचल्यावर तिनं ऋतुराजला आणि तिथं बसलेल्या पोरांना तो मेल मोठ्यानं वाचून दाखवला. घेऊ नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही, फी सगळ्यांनाच होती. निशा मशिनवर बसली. आजवर कंपनीला तिनं जे लिहिलं ते डिक्शनरी चाळून, अडखळत, इंग्रजीत. या खेपेला तिनं मराठी टाईप केलं, सभेच्या ठरावात लिहितात तसं.

‘आपला प्रस्ताव नामंजूर. एकटीला काही देऊ नये. सगळ्यांचा शेअर पूर्ववत करावा. वर्षाचा ताळेबंद छापून घेऊन पुढच्या सभेला कोल्हापुरास यावं. जागा आमची, चहा आमचा.’

खाली तिनं लिहिलं: निशा दादासो मधाळे, सभासद.