टपावरच्या होडीची राखण

राजशेखरला त्या दिवशी इचलकरंजी ते कोल्हापूर एवढ्या एकाच पेट्रोलात तीन गोष्टी पदरात पाडून घ्यायच्या होत्या: मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात मानाचा फेटा, पोटभर जेवण आणि जेवण झाल्यावर पंचगंगेच्या घाटावर नव्या कयाकची, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या अरुंद होडीची, पहिली फेरी. चौथी तो तोंडानं बोलत नव्हता. टपावर लालभडक होडी घेऊन आलेला जावई सासुरवाडीच्या, आजऱ्याच्या सगळ्या पाहुण्यांनी डोळे भरून बघावा, एवढंच.

अडचण अशी झाली, की गंगावेशीतल्या मंगल कार्यालयाच्या आवारात जागा शिल्लक नव्हती. गाडी रस्त्यावर लावावी लागली. कयाक टपावरच्या रॅकला नुसत्या दोन पट्ट्यांनी बांधलेली, आणि पट्ट्यांचे चाप कुणीही अंगठ्यानं उघडावेत असे. दुकानदारानं पोलादी तारेचं कुलूप दाखवलं होतं. "माणूस असताना कुलूप कशाला?" म्हणून यानंच ते परत ठेवायला लावलं होतं.

ते माणूस म्हणजे त्याची बायको, शिवलीला.

"तू बस हितंच," आरशात भांग बघत तो म्हणाला. "मी सगळ्यांस्नी भेटून येतो. अक्षतांच्या आधी हजर. मग तू जा."

"आधी मी जाते की. शांभवी वाट बघत आसंल."

"जावयानं उशिरा गेलेलं बरं दिसतंय व्हय? धा मिंटं गं."

शिवलीला बसली. लग्न झाल्यापासून ती बसतच आली होती. नरसोबाच्या वाडीला चपलांपाशी, एस्टी स्टँडवर बॅगांपाशी, प्रदर्शनात घेतलेल्या मिक्सरच्या खोक्यापाशी. एकदाच, वाडीला, ती पायरीवरून उठून दर्शनाला गेली आणि त्याच तेवढ्यात राजशेखरची नवी चप्पल गेली. ती चप्पल फार तर वर्षभर टिकली असती. तिचा विषय अजून टिकून होता.

शांभवी तिच्या भावाची मुलगी. आजऱ्याहून कॉलेजला आली ती शिक्षण संपेपर्यंत आत्याच्याच घरी राहिली. तिचा टायफॉईड शिवलीलानं काढला, नापास झाल्यावर तीन दिवस जेवत नव्हती तेव्हा घासही हिनंच भरवला. आदल्या दिवशी पोरीचा फोन आला होता: "अत्ती, अक्षता पडताना माज्या म्होरंच उभी ऱ्हा. तू दिसली न्हाईस तर मी तितंच रडणार बघ."

समोरच्या तालमीतून दोन पैलवान आले. एकानं कयाकवर थाप मारली.

"काकू, ह्यात माणूस बसतंय? आमचा एक पाय मावंल."

"मग दुसऱ्या पायानं चालत जावा. हात लावू नका."

ते हसत गेले. शिवलीला हसली नाही. दहा मिनिटं कधीच उलटली होती. तिनं फोन लावला. त्यानं तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

दारापाशी गजरे विकणारी धोंडुबाई मघापासून बघत होती. "ताई, नवरीच्या कोण तुमी?"

"अत्ती."

"आनि भाईर?"

शिवलीलानं बोट वर केलं.

"ह्येच्यापायी? चोरून न्यायचं म्हटलं तर ठेवायचं कुटं ह्ये धूड? जावा तुमी. मी बघते की."

शिवलीलानं दार उघडलं. एक पाय रस्त्यावर टेकला. मग ती चप्पल आठवली, आणि पाय आत आला. त्या आत घेतलेल्या पायाचा राग तिला पुढं नवऱ्यापेक्षा जास्त आला.

स्पीकरवर पुकारा झाला: "इचलकरंजीचे जावई राजशेखरअण्णा, फेटा बांधून घ्यायला पुढं यावं." लगोलग मंगलाष्टका सुरू झाल्या. आता मात्र ती उतरली, धोंडुबाईनं हातात कोंबलेल्या अक्षता मुठीत धरून धावली. दारात माणसांची भिंत उभी होती. "सरका वो, मी अत्ती हाय नवरीची," म्हणाली, पण वाजंत्र्यांपुढं कुणाला ऐकू जाणार? आत टाळ्या पडल्या.

ती परत फिरली. कयाक होती तिथंच होती, कुणी बोटही लावलेलं नव्हतं. शिवलीलानं मूठ उघडली आणि सगळ्या अक्षता तिच्यावर मारल्या. टाकल्या नाहीत, मारल्या. प्लास्टिकवर तांदूळ ताडताड वाजले.

राजशेखर आला तो गुलाबी फेट्यात. आधी टपाकडं बघितलं. "ह्ये तांदूळ कुणी टाकलं? चरं पडतील की."

शिवलीलानं किल्ली पुढं केली. "बसा आत. मी जेवून येते."

"आगं, फेट्याला धरूनच बसवलं, उठता येईना. चल, पंगत बसाय लागलीया. दोघं जाऊ."

"आनि होडी?"

त्यानं धोंडुबाईकडं बघितलं.

"मी न्हाई बगत अण्णा," ती पाटी उचलत म्हणाली. "माजं गजरं संपलं."

शिवलीला पंगतीला बसली. सावकाश जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. भावानं विचारलं, "अक्का, दाजी कुटं?"

"होडी राखत्यात," ती पार पलीकडच्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली.

कयाक शाबूत घरी आली, पाणी न बघता. राजशेखरचं एक जेवण बुडालं. ते रात्री घरच्या भाकरीनं भरून निघालं. मग लग्नाचे फोटो आले. अक्षता पडतानाच्या फोटोत सगळे नवरीकडं बघताहेत आणि नवरी, डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं, मान वळवून दाराकडं बघते आहे. होडीच्या राखणीचं मोल भरलं ते त्या दोघींनीच.