देओलिंडाच्या फरश्या

देओलिंडा फेब्रुवारीत गेली. ईस्टर झाल्यावर तिच्या नवऱ्याने, आबिलिओने, स्वयंपाकघरातलं कार्पेट उपटायला काढलं. फॉल रिव्हर शहरातल्या आमच्या या लाकडी घरात त्यांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, माझं खाली. मदतीला म्हणून वर गेले, तर तो आणि त्याची मुलगी लुर्देस जमिनीवर गुडघे टेकून बसलेले. समोर देओलिंडाने आपल्या माहेरच्या बेटावरून हौसेने मागवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, आणि त्यांवर वाळलेल्या गोंदाचे पिवळट, दगडासारखे वळ.

ते कार्पेट लुर्देसनेच चिकटवलं होतं. आईची हाडं ठिसूळ झाली, पाय लटपटू लागले, तेव्हा एका रविवारी आई चर्चला गेलेली बघून तिने हे काम उरकलं. देओलिंडा परतली ती दारातच थबकली.

"हे काय? मोटेल काढलंयस का माझ्या स्वयंपाकघरात?"

"नुसतं अंथरलं असतं तर पाय अडकून पडली असतीस, मम्मी."

"मग मलाच चिकटव की खुर्चीला! एकदाची सुटशील."

कितीतरी दिवस ती लेकीशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण लुर्देस आली की मुद्दाम पाय घासत चालायची.

आता गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गोंदावर टाकायचा, मऊ पडला की प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलायचा, उरलेल्या डागावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचा, असं चाललं होतं. वासासाठी खिडक्या सताड उघड्या. मीही एक कोपरा धरला. काम पुढे सरकत नव्हतं. लुर्देसचा धीर सुटला, तिने लोखंडी पातं उचललं आणि जोर लावला. गोंद निघाला, पण त्याच्याबरोबर एका निळ्या फुलाची तकाकीही निघाली.

तिने पातं टाकून दिलं आणि ओल्या हातांनी तोंड झाकलं.

"तिच्याच घरात तिला परकं केलं मी. हॉस्पिटलातसुद्धा म्हणत होती, घरी गेल्यावर आधी ते काढ."

आबिलिओ टॉवेल पिळत राहिला. पाणी कधीच निथळून गेलं होतं.

"पडली होती ती," तो म्हणाला.

"कधी?"

"थँक्सगिव्हिंगच्या आधी. इथेच, सिंकपाशी. आवाज ऐकून मी धावत आलो, तर बाई कार्पेटवर आडवी होऊन हसतेय. कुठे काही मोडलं नाही. मला म्हणाली, पोरीला सांगितलंस तर बघ. डोक्यावर बसेल माझ्या."

लुर्देसने तोंडावरचे हात काढले. "आणि तुम्ही सांगितलं नाहीत, पपा?"

"मला वाटलं, राग गेला की तीच सांगेल."

लुर्देसला हसू फुटलं आणि त्यातच ती हमसून रडायला लागली. आबिलिओने तिला जवळ घेतलं नाही. त्याला तसं कधी जमलंच नाही. त्याने फक्त तिच्या पुढ्यातली बादली बाजूला सरकवली.

संध्याकाळपर्यंत निम्म्या फरश्या मोकळ्या झाल्या. ते खरवडलेलं फूल तसंच राहणार होतं. मी निघायला उठले, तेव्हा लुर्देस बापाला म्हणत होती, "पडल्यावर ती काय म्हणाली, ते परत सांगा ना."

त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.