दादाचा साफ रिपोर्ट

दादाने धाकट्याचं आयुष्यभर काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. सिगारेट सोड म्हटलं, तर त्याने ब्रँड बदलला. मीठ कमी कर म्हटलं, तर मिठाची वाटी ताटाजवळ ओढली. धाकटा दुर्बिणीने पोटातले रोग शोधणारा डॉक्टर. त्याची वेळ मिळावी म्हणून लोक ताटकळत. पण दादाचं दुकान पाइप आणि नळांचं. त्याच्या मते दोघांचा धंदा एकच होता, फक्त धाकट्याला शिकायला जास्त वर्षं लागली होती.

मग दादाला कावीळ झाली. यकृतातून पित्त खाली आणणारी नळी एका जागी आवळलेली दिसली. ती कर्करोगाने आवळली की साध्या सुजेने, हे स्कॅनवरून सांगता येईना. कर्करोग असेल तर सर्जन निम्मं यकृत काढणार, सूज असेल तर गोळ्यांवर भागणार. परक्या माणसासमोर आ वासणार नाही, असं दादाने जाहीर केल्यावर हे काम धाकट्याच्याच गळ्यात पडलं. त्याने तोंडावाटे दुर्बीण घातली, नळीत बारीक ब्रश फिरवून पेशी खरवडल्या आणि पित्त वाहतं राहावं म्हणून स्टेंट बसवला.

रिपोर्ट आला: कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

आणि काय चमत्कार, दादाने धाकट्यावर विश्वास ठेवला. जन्मात पहिल्यांदा, आणि नेमका नको तेव्हा. वॉशर मोजून देता देता तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, की आमच्या डॉक्टरने आतून घासून बघितलंय, साफ आहे. वहिनींनी नातेवाइकांत बातमी पोचवली. हा रोग चिवट असतो, ब्रशला कितीदा तरी लागतच नाही, 'आढळलं नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, असं धाकट्याने परोपरीने समजावलं. आता बारीक दुर्बीण थेट त्या नळीत नेऊ, डोळ्यांनी बघू आणि चिमट्याने तुकडे घेऊ, म्हणाला. दादाने त्याची पाठ थोपटली. स्वतःच्या कामाला उगाच नावं ठेवू नकोस, छान झालंय, म्हणाला. ज्या शाबासकीसाठी धाकटा जन्मभर झुरला, ती अशी मिळाली. त्याला हसावं की रडावं कळेना. आज कापून निघणारा रोग आणखी महिन्याने निघेलच असं नव्हतं, आणि भाऊ गमवायची त्याची तयारी नव्हती.

शेवटी तो दुकानात गेला आणि पाइपच्या भेंडोळ्यावर बसला.

"दादा, माझ्याकडून चूक झाली. ब्रश नीट फिरवला नाही मी."

दादा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा खुलला. हे मात्र त्याला पटण्यासारखं होतं.

"वाटलंच होतं मला," तो म्हणाला. "कधी येऊ?"

चिमट्याने काढलेल्या तुकड्यांत कर्करोग सापडला. अजून कापता येण्याजोगा होता, तो सर्जननी कापून काढला. दादा उठून बसू लागला, तसा त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. नर्सला, सफाईवाल्याला, पलीकडच्या पेशंटच्या सासूला, सगळ्यांना ऐकवून झालं: धाकट्याने घोळ घातला, दादा होता म्हणून निभावलं. धाकटा मुकाट्याने मान डोलवायचा. एकदा ज्युनियर डॉक्टरांसमोर हे पुराण सुरू झालं, तेव्हा मात्र त्याचे कान तापले.

ते गेल्यावर दादा हळू आवाजात म्हणाला, "लहानपणी चूक केलीस की दहा सबबी सांगायचास. त्या दिवशी एकही नव्हती."

"खोटं कळलं होतं, मग आलास कशाला?"

"तू स्वतःला नालायक म्हणवून घ्यायला तयार झालास. म्हटलं, दुखणं मोठं असणार."

धाकट्याने दादाचा हात धरला आणि दादाने तो धरू दिला. तेवढ्यात पलीकडच्या पेशंटकडे नवे पाहुणे आले. दादाने हात सोडवून घेतला आणि उशी सरळ केली.

"हा आमचा धाकटा," तो त्यांना म्हणाला. "पहिल्या वेळी ब्रश नीट फिरवला नव्हता याने."

धाकट्याने मान डोलावली आणि पाहुण्यांना बसायला खुर्ची दिली.