पाठमोरी वर्ना

१९७३ साल सरत आलं होतं. पेट्रोल पंपांपुढे गाड्यांच्या रांगा लागत होत्या, वीज वाचवा म्हणून सरकार बजावत होतं, आणि अमेरिकेतल्या टोलीडो शहरात नाताळ तोंडावर आला तरी रस्त्यांवर दिव्यांच्या माळा नव्हत्या. त्या डिसेंबरात वर्ना डूडेक नवऱ्याचं घर सोडून मावसबहिणीकडे आली. एका पिशवीत मावतील तेवढे कपडे तिने आणले होते. गिटार आणली नव्हती, कारण आणण्याजोगी ती उरलीच नव्हती. नवऱ्याने, ड्वेनने, ती अंगणात टाकली आणि तिच्यावरून गाडी नेली, एकदा पुढे आणि एकदा मागे. मग घरात येऊन म्हणाला, "आता रात्रीची कुठं जातेस बघतो."

ती गिटार तिच्या वडिलांनी हौसेने घेऊन दिलेली, भारीतली होती. तिच्या जोरावर वर्ना रोली कुबिकच्या बँडमध्ये शुक्रवार-शनिवार वाजवायची. रोली अकॉर्डियनवर, चेट ड्रमवर आणि ही गिटारीवर. पोलिश वस्तीतल्या एमिल शोल्टेसच्या बारमध्ये ही मंडळी पोल्का आणि वॉल्ट्झ या नाचांच्या चाली वाजवत आणि लोक नाचत. दिवसा वर्ना एका मोटेलात चादरी धुवायची. त्यातून बसभाडं आणि जेवण निघायचं. डोक्यावर छप्पर हवं असेल तर बँडचेच पैसे लागणार होते.

बर्नाडीन, म्हणजे मावसबहीण, मायेची होती. पण घर तिच्या नवऱ्याचं, नॉर्बचं होतं. तो तोंडाने वाईट बोलायचा नाही. "नाताळपर्यंत सोफा तुझाच," तो म्हणाला, "मग माझी आई येतेय. आणि काय गं, ड्वेन दारू उतरली की बरा असतो ना?"

आपल्याला परत कुठे पाठवायचं हे या घरात ठरलेलं आहे, एवढं वर्नाला कळलं.

तिने रोलीला फोन केला. रोली म्हणाला, "हे बघ बाई, शुक्रवारी गिटार घेऊन आलीस तर जागा तुझी. नाहीतर एमिलने त्याचा भाचा तयार ठेवलाय."

"व्हिक? त्याला काय येतं?"

"तीन सूर येतात, त्यातले दोन चुकतात. पण त्याच्याकडे गिटार आहे."

उसनी गिटार कोण देणार? वाजवणारा माणूस एक वेळ गाडी देईल, गिटार नाही. गुरुवारी मोटेलातून सुटल्यावर वर्ना थेट हालुष्काच्या दुकानात गेली. म्हातारा मुख्यतः अकॉर्डियन दुरुस्त करायचा, पण एका भिंतीवर जुन्या इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या असत. तिच्या आवाक्यातल्या तीनच होत्या.

"ती लाल बघ," हालुष्का म्हणाला. "बटणंच चार आहेत. काल एक पोरगा बघून वेडा झाला."

"मग नेली का नाही?"

"आई शहाणी होती त्याची."

वर्नाने लाल गिटार उतरवली, बंदुकीचा नेम धरावा तसा एक डोळा मिटून तिच्या दांड्यावरून पाहिलं आणि परत टांगली. दांडा धनुष्यासारखा वाकला होता. पांढरीच्या तारा इतक्या उंच होत्या की एका गाण्यात बोटं सोलली असती. राहिली तपकिरी. तिचा कोपरा उडालेला होता, आणि मागे कुणीतरी चाकूने आपलं नाव कोरून मग ते खरवडलं होतं. पण दांडा सरळ होता. वर्नाने मोकळी तार छेडली, मग तीच तार मध्यावर दाबून छेडली. दोन्ही सूर जुळले. खुंट्या पिळून पाहिल्या, घसरत नव्हत्या.

"लावून बघते," ती म्हणाली.

खिडकीजवळच्या छोट्या अॅम्प्लिफायरला वायर जोडून ती रस्त्याकडे तोंड करून बसली. विजेच्या बचतीपायी म्हाताऱ्याने ट्यूबलाइट बंद ठेवले होते, उजेड फक्त काचेतून येत होता. गिटार वाजली तेवढीच वाजली, मागे दुसरा कसलाही आवाज नाही. कित्येक दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

"पन्नास डॉलर," हालुष्का म्हणाला.

तिने पाकीट त्याच्यापुढे उलटं केलं. चाळीसच्या आसपास काहीतरी पडलं.

"गिटार ठेवायची पेटी नाही मिळायची मग."

"नको पेटी. मी चादरीत निजवून नेईन तिला."

बर्नाडीनच्या जुन्या चादरीत गुंडाळून तिने गिटार शुक्रवारी बारमध्ये आणली. एमिलच्या बाहेरच्या पाटीची वीज बंद होती, पण आत प्रत्येक भिंतीवर बिअर कंपन्यांच्या निऑन पाट्या लाल-निळ्या जळत होत्या. वर्नाने अॅम्प्लिफायरची वायर जोडली, आवाज वाढवला, आणि एखादा जुना फ्रिज सुरू व्हावा तशी घरघर बारभर पसरली.

रोलीने अकॉर्डियनचा पट्टा अर्धवट सोडला. "मधमाश्यांचं पोळं विकत आणलंस का गं?"

वर्नाच्या जुन्या गिटारीत तारांखाली आवाज उचलणाऱ्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या जोडीने होत्या, त्या एकमेकींची घरघर मारून टाकायच्या. हिच्यात एकेरी गुंडाळी होती. अशी गिटार निऑनजवळ गुरगुरते हे तिने ऐकलं होतं, पण कधी भोगलं नव्हतं. इतकी वर्षं भारी वस्तू हाताळून ती दांडा बघायला शिकली होती. हे बघायचं तिला सुचलंच नाही, आणि हालुष्काच्या दुकानात ट्यूबलाइट बंद असल्याने ती घरघर ऐकूही आली नव्हती.

"पाट्या थोडा वेळ बंद करता का?" तिने एमिलला विचारलं.

"बाहेरची सरकारने बंद केली. आतल्या मी बंद केल्या तर लोक समजतील एमिल मेला."

तार छेडायची नखी खाली पडली म्हणून ती वाकली, आणि वाकताना वळली. घरघर एकदम विरली. परत वळली, परत सुरू. ती जागच्या जागी इंचाइंचाने फिरत राहिली. संपूर्ण शांतता एकाच दिशेला होती: लोकांकडे पाठ, तोंड मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

नाच सुरू झाला. पोल्कात पायांचाच एवढा धडधडाट की घरघर कुणाला ऐकू येईना, त्यामुळे ती लोकांकडे बघून हसत वाजवत राहिली. मग एका जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी संथ वॉल्ट्झची फर्माईश आली. त्याची सुरुवात एकट्या गिटारीची होती. तिने पहिला सूर धरला आणि कोपऱ्यातून कुणी ओरडलं, "अरे, तो फ्रिज बंद करा." सगळे हसले. म्हातारं जोडपं हातात हात घेऊन मधोमध अवघडून उभं होतं.

वर्नाने पाठ फिरवली आणि वाजवलं. सूर स्वच्छ उमटला. मागे जोडप्याची पावलं जमिनीवर घासत फिरू लागली. ती कॅलेंडरवरच्या तारखांकडे बघत शेवटपर्यंत वाजवत राहिली.

मध्यंतरात एमिल आला. "दारावर मी काय लिहिलंय? गिटार वाजवणारी बाई. लोक घरची बायको टाकून तुझी पाठ बघायला येतात होय?"

"वाजलं तर नीट ना?"

"वाजायला रेडिओ पण वाजतो. व्हिक, तुझी गिटार आण."

भाचा बारच्या टोकाला शर्टाला इस्त्री करून तयारच बसला होता. रोली मध्ये पडला. "एमिल, याच्या वाजवण्यावर लोक नाचणार नाहीत, पडतील."

"मला काढू नका," वर्ना म्हणाली. "मला कुठेही बसवा. ड्रमच्या मागे बसवा. व्हिक पुढे उभा राहू दे, हात हलवू दे. वाजवते मी."

व्हिक म्हणाला, "मामा, मला चालेल."

एमिलने थोडा विचार केला. "पैसे मग दोघांत निम्मे."

निम्म्यात खोली मिळणार नव्हती, हे तिला उभ्या उभ्या कळलं. सोफा गेला, खोली गेली, पुढे ड्वेनचं अंगण. ती म्हणाली, "निम्मे द्या, आणि वरची साठवणीची खोली द्या."

"तिथे हीटर नाही. उंदीर आहेत."

"असू देत."

"दाराला कडी पण नाही, बाई."

"कडी मी लावून घेईन."

एमिलने खांदे उडवले. तोच होकार होता. दुसऱ्या खेपेला व्हिक पुढे उभा राहून दात दाखवू लागला आणि वर्ना चेटच्या मागे खोक्यावर बसून भिंतीला तोंड देऊन वाजवू लागली. लोकांनी व्हिकला टाळ्या दिल्या.

वर्ना त्या खोलीत चार हिवाळे राहिली, अंगावर कोट घालून झोपायची. ड्वेन तिला शोधायला कधी आलाच नाही. त्याने लायमा गावी दुसरं लग्न केलं आणि तिथेच तो वारला. पण कडी मात्र ती रोज दोनदा तपासायची. व्हिक पुढे विमा विकू लागला आणि आपण एके काळी गिटारिस्ट होतो असं गिऱ्हाइकांना सांगत राहिला. एमिल बार विकून फ्लोरिडाला गेला. रोलीचा डावा हात पक्षाघाताने गेला, त्यानंतर बँड उरला नाही. नॉर्बची आई आली ती अकरा वर्षं राहिली, आणि सोफ्यावर झोपायची पाळी नॉर्बवर आली. वर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत केली. तपकिरी गिटार तिने १९९२ साली विकली. तसल्या स्वस्त जुन्या गिटारी तोवर हौशी लोकांना हव्या झाल्या होत्या, आणि घेणाऱ्याने न मागता चांगले पैसे दिले. त्यातून तिने कपडे धुण्याचं यंत्र आणलं. पुन्हा तिने गिटार घेतली नाही.