टाकी रिकामी, पाणी उत्तम

नागरिकहो, न पाहता सही करणे हा गुन्हा आहे, असे आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही. वाटले असते तर निम्मी कार्यालये दुपारच्या आत ओस पडली असती. पाणीखात्यातल्या तपासनीसालाही तसे वाटत नव्हते.

त्याचे काम सोपे होते. रोज सकाळी सहा नळांवर जायचे, काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि पाणी किती पिवळे होते ते तक्त्याशी ताडून वहीत आकडा लिहायचा. पिवळे झाले तर पाणी सुरक्षित, नाही झाले तर गडबड. पहिले वर्षभर तो इमानेइतबारे हिंडला. आकडा रोज तोच! मग त्याने विचार केला, पाणी जर आपला स्वभाव बदलत नाही, तर आपण बूट कशाला झिजवायचे? तेव्हापासून सहाही नळ तो खुर्चीत बसून तपासू लागला. अक्षर मात्र मोत्यासारखे. पाहुणे आले की साहेब त्याचीच वही पुढे करत.

घरी सासूबाई होत्या. जन्मभर परिचारिका म्हणून राबून निवृत्त झाल्यावर त्यांनी तत्त्वज्ञानाच्या वर्गात नाव घातले होते, आणि वर्गात जे शिकत त्याचा प्रयोग जावयावर करत.

"जावईबापू, माणूस मुळात चांगला की वाईट?"

"चांगला!" बूट चढवत तो म्हणाला. "माझ्याकडेच बघा ना, आई. दारू नाही, लाच नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

"हे झालं तुम्ही काय काय करत नाही ते. दगडही दारू पीत नाही. करता काय, ते सांगा."

बायको खो खो हसली. तपासनीस घड्याळ बघत निघून गेला.

त्याच आठवड्यात खालच्या गल्लीतली मुले धडाधड आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. तीस मुले खाटांवर! गुरुवारी सकाळी नगरपालिकेच्या डॉक्टरबाई तडक पाणीखात्यात आल्या आणि त्यांनी वही चाळली.

"पाणी तर उत्तम दिसतंय. म्हणजे दोष जेवणाचा. ही सगळी मुलं एकाच शाळेत जेवतात. दुपारी तिथल्या स्वयंपाकघराला कुलूप लावते आणि स्वयंपाकीणबाईंना घरी बसवते." आल्या तशा त्या गेल्या.

तपासनीस वही मिटणार, तोच साहेबांचे बोट मंगळवारवर येऊन थांबले.

"अहो, मंगळवारी टाकी धुवायला रिकामी केली होती ना? दिवसभर नळाला थेंब नव्हता!"

"हो, साहेब."

"मग हे सहा नळांचं पाणी कुठून आणलंत?"

"सवयीनं, साहेब."

ज्या दिवशी पाणीच नव्हते, त्या दिवशीही पाणी उत्तम होते! साहेबांनी उठून दार लोटले. "असू दे. बाईंच्या लक्षात आलेलं नाही. खाली माझीही सही आहे, तेव्हा तोंड उघडू नका. कोण बघतंय? जा, जेवून या."

तो घरी आला खरा, पण ताटातला भात नुसताच चिवडत बसला. सासूबाईंनी दोनदा विचारल्यावर त्याने सगळे ओकून टाकले.

"पण दोष पाण्यातच असेल असं नाही ना, आई? स्वयंपाकातही असेल."

"असेलही. तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"वहीला?"

"नाही."

"मग त्या स्वयंपाकिणीची नोकरी कुणाच्या माहितीवर जातेय? आणि ती घरी बसल्यावर मुलं पिणार कुठलं पाणी?"

"आता सांगितलं तर माझी नोकरी जाईल! मी काही वाईट माणूस नाही हो."

"वाईट कोण म्हणतंय? पण चांगुलपणा म्हणजे दाखला नव्हे, एकदा काढला की मरेपर्यंत चालला. तो अंघोळीसारखा आहे. काल केली होती म्हणून सांगून भागत नाही."

"पण हे कुणाला कळणार?"

"तुम्हाला कळलं ना? की तुम्ही माणसांत जमा नाही?"

तपासनीस ताडकन उठला! हात तसाच खरकटा. कार्यालयातून पेटी उचलली आणि धावत सुटला. औषधाच्या बाटलीचे झाकण इतक्या दिवसांत घट्ट बसले होते. ते पकडीनेच निघाले. पहिला नळ, पिवळा! दुसरा, पिवळा! तिसरा खालच्या गल्लीच्या तोंडाशी. त्याने थेंब टाकले, नळी हलवली, उन्हात धरली. पाणी ढिम्म! पुन्हा भरली, पुन्हा थेंब. पिवळेपणाचा मागमूस नाही. त्याने नळी तिथल्याच पाण्याने पुन्हा भरली आणि तो शाळेकडे पळाला. कित्येक वर्षांनंतर त्याने काहीतरी खरोखर पाहिले होते!

शाळेत डॉक्टरबाईंच्या हातात कुलूप होते आणि स्वयंपाकीणबाई उंबऱ्यावर डाव घेऊन उभ्या होत्या.

"थांबा! वही खोटी आहे!"

"कुठल्या दिवसाची?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"सगळीच!"

"आणि आता तुम्ही म्हणताय ते खरं कशावरून?"

"नका ठेवू विश्वास! तुम्हीच टाका थेंब!"

बाईंनी थेंब टाकले. नळीतले पाणी तसेच राहिले. स्वयंपाकीणबाईंनी डाव खाली ठेवला.

"मी पातेली दोनदोनदा घासते, पोरांच्या पोटात जायचं म्हणून. आणि तुम्ही? खुर्चीत बसून?"

त्याने पेटी उचलली आणि तो तिसरा नळ दाखवायला पुढे निघाला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नळाच्या मधला रस्ता तासाभरात खणला गेला. गटाराला लागूनच पाइप चिरला होता. टाकी रिकामी असताना त्याने गटारातली घाण आत ओढून घेतली होती. पाणी बंद झाले, पाइप बदलला आणि रविवारनंतर एकही नवे मूल आजारी पडले नाही. कुलूप वापराविनाच परत गेले.

तपासनीस तीन महिने निलंबित झाला. साहेबांनाही नोटीस मिळाली. तेव्हापासून ते त्याच्याशी बोलत नाहीत. पण रोज सकाळी तो स्वखुशीने खालच्या गल्लीत जातो, आणि लोक त्याला पहिल्या घोटाआधी विचारतात, "काय हो, पिऊ ना?"

नागरिकहो, माणसाचा मूळ स्वभाव कसा आहे, याचा निकाल विद्वान लावतील. त्यांना घाई नाही. आपल्याला आहे! चांगले जगायचे असेल तर इतकेच करा: जिथे आपली सही असेल, तिथे आधी आपले पाय लागलेले असू द्या.